शनी-चंद्र युती चतुर्थात असेल तर तो विषयोगच समजायचा का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: जन्म ऑक्टोबर १९९१, तूळ लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तेच पहिलं घर) ४ अंश, चतुर्थात म्हणजे चौथ्या घरात मकर राशीत शनी ६ अंशांवर आणि चंद्र २७ अंशांवर. ॲपने लाल अक्षरांत ‘विषयोग’ (शनी-चंद्र एकत्र आल्याचा अशुभ योग) छापून दिलाय, खाली ‘मातृसौख्य कमी, मानसिक क्लेश’ असं लिहिलंय, आणि २०३० च्या अखेरीला लागणाऱ्या शनी महादशेची (शनीच्या अमलाखालच्या १९ वर्षांची) तुम्हाला आतापासून धास्ती वाटतेय.

मी पोटापाण्यासाठी ज्योतिष करत नाही, पण बरीच वर्षं पत्रिका मांडतोय. त्या लाल अक्षरांवर माझा पहिला आक्षेप साध्या गणिताचा आहे. चंद्र सव्वासत्तावीस दिवसांत बारा राशी फिरतो, म्हणजे शनी ज्या राशीत असेल तिथे दर फेरीत सव्वादोन दिवस तो असणारच. हिशेब केला तर साधारण दर बारावा माणूस शनी-चंद्र युती घेऊन जन्मतो. एवढ्या सगळ्यांचं आयुष्य विषारी असतं तर हा योग ओळखायला पत्रिका लागलीच नसती.

ॲप फक्त एवढंच बघतं की दोन ग्रह एका घरात आहेत. त्यांच्यात अंतर किती, हे ते विचारत नाही. तुमच्याकडे ते २१ अंश आहे. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश चालतो, तेव्हा तुमच्या जन्माच्या दीड दिवसाहून जास्त आधीच तो शनीला ओलांडून पुढे निघून गेला होता. ४-५ अंशांच्या आतली युती आणि ही युती एकाच मापाने मोजायची नसते. त्यात लग्न ४ अंशांवर असल्यामुळे भावचलित (लग्नाच्या अंशावरून घरांच्या सीमा ठरवणारी कुंडली) काढलंत तर चंद्र बहुधा पंचमात गेलेला दिसेल आणि शनी चतुर्थात एकटाच उरेल. नवमांशातही (प्रत्येक राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या कुंडलीतही) दोघे वेगळे होतात: शनी कुंभेत, म्हणजे पुन्हा स्वतःच्याच राशीत, आणि चंद्र कन्येत. राशीकुंडलीत युती आहे खरी, पण पुढच्या दोन्ही चाचण्यांत ती टिकत नाही.

आता खरा मुद्दा. युती वाचताना मी ग्रहांच्या स्वभावाआधी त्यांचं स्वामित्व बघतो. तूळ लग्नाला शनी चतुर्थेश आणि पंचमेश, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या घराचा स्वामी. केंद्र (१, ४, ७, १० ही घरं) आणि त्रिकोण (१, ५, ९) दोन्ही एकाच ग्रहाकडे, म्हणून तो या लग्नाचा योगकारक, म्हणजे खास शुभ फळ देणारा. तुमच्याकडे तो स्वराशीत, केंद्रात बसलाय, म्हणजे पंचमहापुरुष योगांपैकी शश योग होतो. चंद्र दशमेश. पंचमेश आणि दशमेश एकत्र आले की त्याला राजयोग म्हणतात, आणि इथून चंद्राची सातवी दृष्टी स्वतःच्या दशमावर पडते. शनी दशम दृष्टीने लग्नाकडे बघतो आणि तूळ ही त्याची उच्च राशी. गंमत अशी की याच दोन ग्रहांवरून दुसरं एखादं ॲप तुम्हाला हिरव्या अक्षरांत ‘राजयोग’ छापून देईल. तेही तितकंच अर्धवट. अंतराचा नियम इकडेही लागतोच, त्यामुळे राजयोगाचं पूर्ण माप पदरात पडेल असंही समजू नका.

मग ‘विष’ कुठे आहे? स्वभावात थोडं आहे, ते मी नाकारणार नाही. चंद्र मन, शनी थांबवणारा. अशी माणसं लहानपणीच मोठी होतात, कौतुक झालं की अवघडतात, आणि दुखलेलं बोलून दाखवायला त्यांना फार वेळ लागतो. चतुर्थ स्थान आईचं आणि चंद्र मातृकारक, म्हणून आईशी नातं घट्ट असूनही त्यात मोकळ्या शब्दांपेक्षा जबाबदारी जास्त असू शकते. ‘आईला कष्ट’ हे वाक्य मात्र मी नुसत्या या युतीवरून कुणालाच सांगणार नाही. त्यासाठी आईची पत्रिका लागते. शिवाय तुमचा चंद्र शुक्ल दशमीच्या आसपासचा, चांगला पक्षबली, म्हणजे वाढत्या कलेमुळे बलवान आहे. हीच युती अमावास्येजवळच्या चंद्राबरोबर असती तर मी जास्त जपून बोललो असतो. विवाहाला उशीर होतो म्हणून काही जण हिला ‘पुनर्फू’ म्हणतात, पण सप्तम हे विवाहाचं स्थान आणि सप्तमेश पाहिल्याशिवाय तेही बोलण्यात अर्थ नाही.

दशेचं म्हणाल तर चंद्र धनिष्ठा नक्षत्रात, त्याचा स्वामी मंगळ, त्यामुळे जन्म मंगळाच्या महादशेत. सुमारे पाच वर्षं ती, मग राहूची १८, आणि २०१४ च्या अखेरीपासून गुरूची १६. तूळ लग्नाला गुरू तृतीयेश आणि षष्ठेश, म्हणजे फारसा मित्र नाही. त्यात मकर राशीची साडेसाती २०१७ पासून २९ मार्च २०२५ पर्यंत चालली, आणि २०२० ते जानेवारी २०२३ या काळात थोडे महिने सोडले तर शनी थेट जन्मचंद्राच्या राशीतूनच जात होता. तुम्ही ‘मानसिक क्लेश’ वाचून दचकलात ते बहुधा याच वर्षांच्या आठवणीने. तो काळ तुम्ही काढलात. येणारी १९ वर्षांची दशा योगकारकाची आहे. पहिली तीन वर्षं शनीचीच अंतर्दशा (महादशेतला पोटकाळ), कामाचा बोजा वाढेल, घर किंवा जमिनीचे व्यवहार पुढे येतील. चंद्राची अंतर्दशा २०४१ च्या सुमारास, एक वर्ष सात महिन्यांची. या युतीचं जे काही बरंवाईट फळ असेल ते मुख्यतः तेव्हा. तिची काळजी आजपासून कशाला?

नीलम घालू का, असंही तुम्ही विचारलंय. स्वराशीतल्या शनीला आणखी जोर कशासाठी द्यायचा हे मला कळत नाही. मी घालू नका म्हणेन.

आणि एक गोष्ट आधी करा: जन्मवेळ दाखल्यावरून तपासा. लग्न ४ अंशांवर आहे, म्हणजे राशीच्या अगदी उंबरठ्यावर. खरी वेळ वीसेक मिनिटं आधीची निघाली तर लग्न कन्या होईल, शनी पंचमेश-षष्ठेश, चंद्र एकादशेश, युती पंचमात, आणि वर स्वामित्वावरून लिहिलेलं सगळं मला पुन्हा लिहावं लागेल. वेळ पक्की झाली की कळवा.