परत येणाऱ्या पेनाचा हिशोब

दांडिया बाजार, बडोदा

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

लाकडी रोलरबॉल पेनांसाठी तू पाठवलेली तिन्ही किटं (लाकूड सोडून पेनाचे बाकीचे सुटे भाग) पोचली. सोनेरी किट मी बाजूला काढलंय, ते परत घेऊन जा. दिसायला झकास आहे, पण स्वस्त किटावरचा सोनेरी मुलामा फार पातळ असतो. रोज लिहिणाऱ्याच्या बोटांखाली तो झिजतो आणि आतलं पितळ दिसायला लागतं. सोनेरीच हवं असेल तर टायटॅनियम नायट्राइडचं, म्हणजे कडक सोनेरी थराचं घे, नाहीतर सरळ क्रोम. क्रोमकडे कुणी वळून बघत नाही, पण ते टिकतं.

मुलाम्याच्याही आधी टोपणाचे आटे बघायचे. रोलरबॉलची शाई पातळ, बहुतेक पाण्याचीच असते. टोपण उघडं राहिलं की टोक सुकतं, म्हणून गिऱ्हाईक दिवसातून दहा-वीसदा ते फिरवणार. दुसऱ्या किटाचे आटे प्लॅस्टिकचे आहेत. मी संध्याकाळभर टीव्हीसमोर बसून टोपण फिरवत राहिलो (मामी वैतागली), तेव्हा ते ढिलं झालं. तिसऱ्याचे आटे धातूचे आहेत, अर्ध्या-पाऊण फेऱ्यात टोपण सुटतं. तेच घे आणि वर्षभर त्याच एका किटावर हात बसव. प्रत्येक किटाचे बुश (लेथवर तुकड्याच्या दोन्ही टोकांना बसणारी मापाची कडी) वेगळे, भोक पाडायचे बिट वेगळे. चार प्रकारची किटं घेतलीस तर पैसे हत्यारांतच अडकतील.

रिफिलचं मात्र आधीच बघून ठेव. किटाबरोबर येणारी श्मिट कंपनीची 888 रिफिल छान लिहिते, पण संपल्यावर ती कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळेलच असं नाही. पायलट जी-2 ची रिफिल मागचं प्लॅस्टिकचं टोक किंचित कापून बऱ्याच किटांत बसते. तुझ्या किटात स्वतः बसवून बघ, आणि बसली तर किती मिलिमीटर कापायचं ते डबीतल्या चिठ्ठीवर लिही.

आता लाकूड. आपला तुकडा 19 मिलिमीटरचा. साडेबाराचा बिट घातलास की बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन उरतात. तिथे घाई केली की बिट तापतो आणि लाकूड आतून तडकतं, ती चीर लेथवर (कातायच्या यंत्रावर) चढवेपर्यंत दिसत नाही. थोडं आत जायचं, बिट बाहेर काढायचा, भुसा झटकायचा, परत आत. तुकडा भोकात चिकटवायच्या किटातल्या नळीपेक्षा लांब ठेव आणि भोक आरपार पाडूच नकोस. खालचं टोक नंतर कापून टाक, म्हणजे तोंडाशी ढलपी उडत नाही. आणि पावसाळ्यात आणलेलं लाकूड लगेच कातू नकोस, ते उन्हाळ्यात आक्रसतं आणि नळीवर फुटतं.

फिनिशिंगसाठी तू लाख म्हणतेस. मोह मलाही झाला होता. संखेडा आपल्यापासून किती लांब? तिथले खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घासण्याच्या उष्णतेने ती वितळून पसरते, ते बघत राहावं असं असतं. मी तशी आठ पेनं केली आणि विकली. त्यातली तीन परत आली. एक मे महिन्यात गाडीत राहिलं होतं, दोन सॅनिटायझर लावलेल्या हातांनी चिकट झाली होती, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. खुर्चीच्या पायाला जे शोभतं ते पेनाला चालत नाही. तिन्ही पेनं मी फुकट बदलून दिली, आणि त्यानंतरच किंमत लावायला शिकलो. आता पातळ सुपरग्लूचे थर देतो, खिडकी उघडी ठेवून.

हिशोब असा मांड. समज, किट 700, लाकूड 50, गोंद आणि पॉलिश पेपर 60, डबी 90. झाले 900. तुझा दीड तास, तासाला 200 धरले तर 300. दहातलं एक बिघडणार किंवा परत येणार, त्याचे 100. हे 1,300 म्हणजे तुला पडलेली किंमत. त्यावर धंद्याचे 325 धरून 1,625. इथेच तू थांबतेस आणि 1,650 ची चिठ्ठी लावतेस. उद्या रावपुऱ्यातला दुकानदार पेनं ठेवायला तयार झाला आणि 35 टक्के मागितले, तर तुझ्या हातात 1,072 येतील, म्हणजे पडलेल्या किमतीपेक्षाही कमी. म्हणून पहिल्या दिवसापासून 2,500 लाव, 35 टक्के गेले तरी तुझे 1,625 हातात राहतात, आणि घरी आलेल्यालाही तेच सांग. दुकानात 2,500 आणि तुझ्याकडे 1,650 असं कळलं तर दुकानदार दुसऱ्यांदा माल ठेवणार नाही. शिवाय प्रदर्शनात दोन दिवस बसणं आणि टेबलाचं भाडं हे काही फुकट नसतं.

कुणी पाडलेल्या वाड्याची सागाची तुळई घेऊन आला, तर लाकूड त्याचं म्हणून भाव कमी करू नकोस, उलट थोडा वाढव. ते फुटलं तर दुसरं आणायचं कुठून? एका पेनाला चार तुकडे मागून घे, आणि कापण्याआधी लोहचुंबक फिरव. मोडके खिळे आत बसलेले असतात, माझी करवतीची एक पात अशीच गेली.

रविवारी ये. तिसऱ्या किटाच्या दोन्ही नळ्यांची लांबी मोजून आण, बिट माझ्याकडे आहेत.

तुझा
मामा