विक्री अडीच लाखांची, हप्ता एक लाखाचा

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, हाताने शिवलेल्या गोधड्या आणि कापडी पिशव्या विकण्यासाठी पुण्यातील पाच दिवसांच्या प्रदर्शनात ३५ हजार रुपये भाड्याचा स्टॉल घ्यावा, की जवळपासच्या लहान प्रदर्शनांतच विक्री चालू ठेवावी. पत्राच्या शेवटी त्या जाता जाता लिहितात की, गेल्या वर्षी तीन प्रदर्शनांत २ लाख ४० हजारांची विक्री झाली म्हणून बँकेतील अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी दहा वर्षे एक-एक लाख भरण्याची ‘एफडीसारखीच’ योजना घेतली. यंदा कापड घेण्यासाठी बांगड्या तारण ठेवून ८० हजार उचलले. आणि दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात भरायचा आहे.

ताई, स्टॉलकडे नंतर वळू. आपणच दिलेल्या आकड्यांनुसार कापड, अस्तर व धागा यांवर ९० हजार, स्टॉलच्या भाड्यांवर ४५ हजार आणि प्रवास, मुक्काम व मदतनीस यांवर आणखी ४५ हजार गेले, म्हणजे हाती ६० हजार उरले. त्यातून लाखाचा हप्ता निघणार कसा? तो भरल्यामुळेच यंदा कापडाला पैसे उरले नाहीत आणि बांगड्या बँकेत गेल्या.

ती योजना एफडी नसून विमा पॉलिसी आहे, आणि ही गोष्ट विकणाऱ्याला पक्की ठाऊक होती. दहा वर्षांत दहा लाख भरून पंधराव्या वर्षाअखेर सुमारे १६ लाख मिळणार, हा परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो; पीपीएफ या सरकारी बचत योजनेवर सध्या ७.१ टक्के मिळतात आणि आपल्या सोनेतारण कर्जाचे व्याज १२ टक्के आहे. पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत केव्हाच टळली आहे. तेव्हा आता ती सरेंडर, म्हणजे मुदतीआधीच बंद, केल्यास किती मिळतील, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. ‘भरलेले बुडतील’ ही भीती दाखवली जाईलच, परंतु लाखातले केवळ ५० हजार परत मिळाले असे धरले, तरी ते ५० हजार आता न घेता उरलेले नऊ हप्ते भरण्यावर वर्षाला जेमतेम पाच टक्केच सुटतात. माझ्या मते दुसरा हप्ता भरू नये आणि परत येईल ती रक्कम थेट सोनेतारण कर्जात भरावी.

शिवाय विमा आपल्या नावावर १० लाखांचा आहे, तर घर ज्यांच्या टेम्पोवर चालते त्या यजमानांच्या नावावर काहीच नाही. त्यांचा ५० लाखांचा साधा मुदत विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, या हप्त्याच्या पाव भागातही बसावा.

आता स्टॉल. शंभर रुपयांच्या विक्रीतून माल वजा जाता आपल्याला साधारण ६२ रुपये उरतात. भाडे आणि पुण्यातील मुक्काम-मदतनीस मिळून ५० हजार धरले, तर ८० हजारांची विक्री होईपर्यंत एक रुपयाही सुटत नाही. गेल्या वर्षीची आपली सरासरी नेमकी तेवढीच होती, आणि शिलाईची मजुरी तर आपण कुठेच धरलेली नाही. पुण्यात गर्दी मोठी असते हे खरे, पण तिथे गोधड्यांचे स्टॉलही बरेच असतात. यंदा पूर्ण स्टॉल घेऊ नये. आपल्या बचत गटातील दुसरी कोणी निम्मे भाडे उचलणार असेल, तरच जावे. आपण बचत गटात आहातच, तर बचत गटांच्या मालाच्या मुंबईतील ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनासाठी ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या तालुका कक्षाकडे गटाचे नाव आताच द्यावे.