चवड्यावरचा दुखरा ठिपका: आमच्याकडे ते कुरूप नव्हतं

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची आहे, महिनाभर उजव्या चवड्यावर एकाच जागी दुखतंय, कातडी जाड झाली आहे, मधोमध काळा ठिपका आहे आणि ती पाय तिरका टाकून चालते. औषधाच्या दुकानातून कुरूप म्हणून कॉर्न कॅप (कुरपावर चिकटवायची औषधी पट्टी) आणली, एक्स-रे काढला तर त्यात काही नाही, आता पुढे काय, असं विचारलंय. वाचताना पोटात कालवलं. तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा हुबेहूब असाच चालायचा आणि मी त्याला "नीट पाय टाक" म्हणून ओरडायचे.

मी डॉक्टर नाही. पाय न बघता काय झालंय हे कोणीच सांगू नये, मीही सांगत नाही. पण एक प्रश्न विचारते. मुलगी गेल्या दोन महिन्यांत टेकडीवर, शेतात किंवा बांधकामाच्या जागेवर गेली होती का? आणि तेव्हा पायात काय होतं?

आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो, रविवारी सकाळी तळजाई टेकडीवर जायचं हे ठरलेलं. पाऊस संपून गवत वाळायला लागलं होतं. मुलाच्या पायात रबरी स्लिपर. तो मध्येच "काटा, काटा" करत खाली बसला. बाभळीचा काटा स्लिपरच्या आरपार घुसला होता. मी तो ओढून काढला, टिपूसभर रक्त आलं, पाणी ओतलं, दहा मिनिटांत पोरगं पुन्हा पळायला लागलं. दोन दिवसांनी त्याला आठवणही नव्हती आणि मलाही नव्हती. काटा टोकासकट आला की नाही, हे मी पाहिलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी त्या जागी घट्टा दिसायला लागला. शेजारच्या काकू, माझ्या सासूबाई, औषधाच्या दुकानातला मुलगा, सगळ्यांचं एकमत, कुरूप. मी दोन वेळा कॉर्न कॅप लावली. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते जाड कातडी मऊ करून सोलून काढतं. झालं असं, की ती जागा पांढरी, ओली, सुरकुतलेली झाली आणि मूळचं जे काही दिसत होतं तेच पुसलं गेलं. म्हणून तुम्हाला पहिली विनंती, ती कॅप आज काढा आणि आठ-दहा दिवस तिथे काहीही लावू नका. मग बघणाऱ्याला निदान खरी कातडी दिसेल.

माझी खरी चूक मात्र पुढची. एका मोठ्या रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत गेलो. अडीच तास बसलो. अर्जावर विचारलं होतं, "पडणे? मार लागणे?" मी दोन्हीपुढे 'नाही' लिहिलं. एक्स-रे काढला. आतल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि पायाला हातही न लावता सांगितलं, "क्लिअर आहे. शाळेचा कंटाळा असेल, लाड कमी करा." मी ते खरं मानलं. तिथून पुढे पाच आठवडे माझं पोर दुखऱ्या पायाने दोन मजले चढून वर्गात जात राहिलं, कारण त्याची आई त्याला नाटकी समजत होती. आजही हे लिहिताना मला त्रास होतो.

हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. काटा, लाकडाची काडी, कुसळ हे एक्स-रेमध्ये सहसा दिसतच नाही. धातू दिसतो, काच दिसते, खडा बहुतेक दिसतो. लाकूड मात्र आजूबाजूच्या मांसाइतकंच विरळ असल्यामुळे किरण त्यातून तसेच पार होतात. म्हणजे 'क्लिअर' याचा अर्थ हाड ठीक आहे, काच नाही, खिळा नाही. काटा नाही, असा त्याचा अर्थ होत नाही! काट्यासाठी तळव्याची सोनोग्राफी लागते. आणि काटा आत विरघळतही नाही. शरीर त्याच्याभोवती गाठ करतं, वरची कातडी दाबाने जाड होते, आणि ते अगदी कुरपासारखं दिसतं.

आमची सुटका केली ती आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी. सर्दीसाठी गेलो होतो, त्यांनी मुलाला दारातून आत येताना बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "टेकडीवर जाता का?" मग म्हणाले, चप्पल घेऊन या. घरी चपलांच्या कपाटात ती स्लिपर पडलेली होती. उजेडात धरली तर तळातून सुईएवढं आरपार भोक. पायाला लावून पाहिली, भोक बरोबर त्या ठिपक्याखाली. मी तिथेच रडले.

सोनोग्राफीचाही ताप झाला. दोन ठिकाणी "आम्ही पोटाची करतो, पायाची नाही" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी मॅडमनी मानेच्या गाठींसाठी वापरतात तो चपटा प्रोब लावला आणि पडदा माझ्याकडे वळवला. करड्या रंगात एक बारीक पांढरी रेघ, भोवती काळसर कडं. सात मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी जागा बधिर करून छोटा छेद दिला आणि स्टीलच्या ट्रेमध्ये तपकिरी टोक पडलं. चौथ्या दिवशी मुलगा सरळ चालत होता.

आता तुमच्या मुलीचं. काटा नसूही शकतो. पाय दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुसा, टॉर्च बाजूने धरून मोबाईलने जवळून फोटो काढा. बोटांच्या ठशासारख्या बारीक रेषा तळव्यावरही असतात. त्या रेषा दुखऱ्या जागेला वळसा घालून जात असतील, आत एकाऐवजी चार-पाच काळे टिपके असतील आणि सरळ दाबण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखत असेल, तर चामखीळ असण्याची शक्यता जास्त. टिपके म्हणजे रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या. चामखीळ विषाणूमुळे होते, मुलांत बरेचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते, त्यामुळे दुखत नसेल तर जाळायची घाई करू नये, हे माझं वैयक्तिक मत. रेषा त्या जागेवरून तशाच पुढे जात असतील आणि सरळ दाबल्यावर कळ येत असेल तर घट्टा किंवा कुरूप. पण लहान मुलांना कुरूप क्वचित होतं. झालंच तर आधी बूट बघा, जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट दिवाळीपर्यंत घट्ट होतात. एकच ठिपका, सरळ दाबलं की टोचल्यासारखी कळ आणि टेकडीची आठवण, असं असेल तर मी कॅपच्या नादी न लागता सोनोग्राफी मागेन. ही घरची तपासणी म्हणजे निदान नव्हे, डॉक्टरांना नीट सांगता यावं एवढ्यासाठीच.

इतर कोणी वाचत असेल त्यांच्यासाठी: दुखणं टाचेच्या मागच्या बाजूला असेल, मूल आठ ते चौदा वर्षांचं आणि खेळणारं असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर ओरडत असेल, तर ते वाढत्या हाडाचं दुखणं असू शकतं. तो विषय वेगळा, हाडांच्या डॉक्टरांचाच.

घरातलं कोणीतरी बिब्बा लावा म्हणेल. लावू नका. बिब्बा उतला तर लहान मुलाच्या पायाला भाजल्यासारखे फोड येतात. सुईने कोरूही नका, आतलं टोक त्याने आणखी खोल जातं किंवा तुटतं. धनुर्वाताच्या लशीची नोंद बघा, पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा बूस्टर बऱ्याच घरांत राहून गेलेला असतो. जागा लाल होऊन गरम लागली, पू आला, घोट्याकडे लाल रेघ चढली, ताप आला किंवा पाय टेकताच येईना, तर फोटोबिटो सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टरांकडे गेल्यावर "पाय दुखतो" एवढंच म्हणू नका, कुठे गेलो होतो, पायात काय होतं, तेही सांगा. चिठ्ठीवर "तळव्याची सोनोग्राफी, आत काटा राहिला आहे का पाहणे" असं स्पष्ट लिहून घ्या, आणि सेंटरला आधी फोन करून पायाची करतात का ते विचारा. जाताना दुखऱ्या जागेभोवती पेनने गोल काढा. आणि महिन्यापूर्वीची ती चप्पल अजून घरात असेल तर टाकू नका, आज रात्री ट्यूबलाइटसमोर धरून बघा आणि मला कळवा.