कोर्ट मार्शल: गावाकडून आलेले प्रश्न

प्रश्न: माहा पोरगा फौजेत शिपाई हाये. पोळ्याले सुट्टीवर आला, मंग त्याची माय सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती झाली. सुट्टी संपून ४० दिवस झाले. काल ठाण्यातून जमादार विचारून गेला. भगोडा ठरवतीन का? (एक वडील, देवळी तालुका)

उत्तर: आधी त्याला युनिटकडे रवाना करा, बाकीचं नंतर वाचा. आर्मी ॲक्ट, १९५० मध्ये हे दोन वेगळे गुन्हे आहेत. पुरेशा कारणाशिवाय सुट्टीवरून न परतणं हे कलम ३९. कमाल ३ वर्षं कैद. पळून जाणं हे कलम ३८; तिथे परत न जाण्याचा इरादा लागतो आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत, युद्धसेवेत तर मृत्युदंडापर्यंत जाते. गैरहजेरीचे ३० दिवस भरले की युनिटमध्ये चौकशी बसू शकते. तिच्या नोंदीनंतरही तो स्वतः आला नाही किंवा सापडला नाही, तर कायदा त्याला भगोडा मानतो. अशा माणसाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात.

म्हणून स्वतःच्या पायांनी गेलेला बरा. इरादा अशाच गोष्टींवरून जोखतात. सोबत आईचे दवाखान्यातले भरती-कागद, डिस्चार्ज कार्ड आणि सुट्टी वाढवण्याचा अर्ज केला असेल तर त्याची पोच द्या. सरपंचाच्या दाखल्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका.

प्रश्न: माझ्या दिरांना समरी कोर्ट मार्शलमध्ये ३ महिने कैद आणि बडतर्फी झाली. वकीलच नव्हता. 'गुन्हा कबूल' असं लिहिलंय. आता काही होईल का? (दर्यापूर)

उत्तर: होऊ शकतं. समरीत कमान अधिकारी एकटाच न्यायाधीश असतो. आणखी दोघे हजर असतात, पण निकालात त्यांचा वाटा नाही. वकील शेजारी बसून सल्ला देऊ शकतो, साक्षीदाराला प्रश्न मात्र विचारू शकत नाही. ही व्यवस्था मला कधीच पटलेली नाही. तरी एक बंधन आहे: कबुली घेण्याआधी आरोप आणि कबुलीचे परिणाम आरोपीला समजावून सांगावेच लागतात. कामकाजाची नक्कल मागवा आणि तसं झाल्याची नोंद तिथे आहे का, ते पाहा.

रणजित ठाकूर खटल्यात (१९८७) जेवण नाकारल्याबद्दल जवानाला वर्षभर कैद आणि बडतर्फी झाली होती, तीही ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने तक्रार केली होती, तोच न्यायाला बसून. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. बडतर्फी असल्याने तुमचं प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या (फौजींच्या प्रकरणांसाठीचं वेगळं न्यायालय) मुंबई खंडपीठाकडे नेता येतं. त्याआधी आर्मी ॲक्टच्या कलम १६४ खाली वरिष्ठांकडे अर्ज करा.

प्रश्न: सुट्टीवरच्या फौजी भावाने धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणात शेजाऱ्याला मारहाण केली. खटला कुठे? (आर्णी)

उत्तर: दोन्हींपैकी कुठेही चालू शकतो: लष्कराने स्वतःकडे घ्यायचं ठरवलं तर कोर्ट मार्शल, नाहीतर नेहमीचं कोर्ट. शेजारी दगावला असता, तर सुट्टीवर गावी असताना केलेल्या खुनाचा खटला फक्त साध्या कोर्टातच चालला असता.

प्रश्न: सीआरपीएफच्या जवानालाही हेच लागू? (अहेरी)

उत्तर: नाही. त्यांचा कायदा वेगळा, १९४९ चा. बीएसएफचाही वेगळा, १९६८ चा.