तुमचा प्रश्न: सात दिवसांत पर्यावरणाचं सर्टिफिकेट, घ्यावं का?

ताई, नमस्कार. नाशिकला कॅनडा कॉर्नरला आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे, आम्ही दोघं पार्टनर आणि पाच जण, असे सात. पॅकेजिंग, ब्रोशर, लोगो अशी कामं, सणासुदीला थोडं फ्लेक्सचंही. आमचा मोठा क्लायंट म्हणजे दिंडोरी साइडचा एक द्राक्ष एक्स्पोर्टर. त्याने यंदा व्हेंडर फॉर्म पाठवला त्यात एक कॉलम आहे, पर्यावरणाचं सर्टिफिकेट आहे का, हो किंवा नाही. नाही लिहिलं तर काम जाईल अशी धाकधूक आहे. एका माणसाने फोनवर सांगितलं की सात दिवसांत आयएसओ १४००१ करून देतो, ऑफिसला यायचीही गरज नाही, फक्त जीएसटी नंबर आणि लेटरहेड पाठवा. आमची जागा भाड्याची, आम्ही एलईडी लावलेत, झाडं ठेवलीत, कागदी कप बंद केलेत. एवढ्यावर मिळेल का, आणि मुळात सात माणसांनी याच्या मागे लागावं का?
(एक वाचक, कॅनडा कॉर्नर)

दादा, आधी त्या फोनवाल्याचं बघू. लेटरहेड पाठवून घरबसल्या जे मिळतं त्याला मी रंगीत प्रिंटआउट म्हणते. फ्रेम करून लावता येतं, पण एक्स्पोर्टरच्या माणसाने सर्टिफिकेट नंबर टाकून चेक केलं की संपलं. खरं सर्टिफिकेट जी संस्था देते तिला स्वतःला मान्यता लागते, आपल्याकडे ती एनएबीसीबी देते, क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अंतर्गत. त्यामुळे कोणाशीही बोलताना पहिला प्रश्न हाच, तुमची मान्यता कोणाची. दुसरी गोष्ट म्हणजे सर्टिफिकेट देणारी संस्था तुमची कन्सल्टंट असू शकत नाही, पेपर सेट करणारा आणि तपासणारा एकच नको ना. "मीच सगळं तयार करतो आणि मीच पास करतो" असं कोणी म्हणालं की फोन ठेवा.

आता ते काय असतं ते सांगते कारण यात भल्याभल्यांचा घोळ होतो. आयएसओ १४००१ म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड, ते पहिल्यांदा १९९६ ला आलं, २०१५ ला बरंच बदललं, पण त्यात कुठेही लिहिलेलं नाही की वीज अमुक युनिट वापरा नाहीतर नापास. ते बघतं की तुमच्या कामाने पर्यावरणावर कुठे कुठे परिणाम होतो हे तुम्हाला माहीत आहे का, त्यातलं मोठं काय ते ठरवलंय का, लागू असलेले कायदे पाळताय का, आणि ठरवलेलं खरंच करताय याचा पुरावा आहे का. म्हणजे तुमची झाडं छान आहेत, असू द्या, पण ऑडिटर झाडं मोजायला येत नाही.

आमचंच सांगते. आमचंही नऊ जणांचं ऑफिस, शरणपूर रोडला, आम्ही यातून गेलोय. पहिल्या टप्प्याच्या ऑडिटला ऑडिटर बाई आल्या, आम्ही मोठ्या ऐटीत स्टीलच्या बाटल्या दाखवल्या, ओल्या-सुक्याचे दोन डबे दाखवले, घंटागाडीला वेगळा करून देतो म्हणून सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि पोटमाळ्याकडे बघून विचारलं, वर काय आहे? वर होते चार जुने मॉनिटर, दोन मेलेले यूपीएस आणि रिकाम्या टोनरची खोकी, गेल्या पाच-सहा वर्षांची. मी म्हटलं, भंगारवाल्याला देणार आहोत. त्यांनी पेन उघडलं. मग कळलं की २०२२ च्या ई-वेस्ट नियमांत मोठ्या ग्राहकाची व्याख्या हजार नगांपासून सुरू होते, म्हणजे आपल्यासारख्यांवर तेवढी रिटर्न-बिटर्नची कटकट नाही, पण म्हणून मॉनिटर गल्लीतल्या भंगारवाल्याला देणं बरोबर ठरत नाही, नोंदणी असलेल्या रिसायकलरला द्यायचं आणि पावती फाइलला लावायची. यूपीएसच्या बॅटऱ्या वेगळ्या, त्या नवी घेताना डीलरला परत. तो माळा रिकामा करायला आम्हाला दोन शनिवार लागले आणि त्यात माझी हरवलेली पेन टॅब्लेट सापडली ती वेगळीच.

तर सुरुवात अशी करा, एका शनिवारी सगळे बसा, मिसळ मागवा (डबे आपले घेऊन जा) आणि ऑफिसात काय येतं आणि काय बाहेर जातं ते लिहा. यालाच ते आस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टर म्हणतात, नाव ऐकून घाबरू नका, एक एक्सेल शीट असते. महावितरणची बारा महिन्यांची बिलं काढा. एसीची सर्व्हिस बिलं पण काढा, आणि इथे जरा थांबा. दर उन्हाळ्यात मेकॅनिक येऊन "गॅस कमी झालाय, टॉप-अप मारतो" म्हणतो ना, तो गॅस कुठेतरी गळतोय म्हणूनच कमी होतो. जुन्या स्प्लिटमध्ये आर-४१०ए असेल तर तो एक किलो हवेत जाणं म्हणजे सुमारे २१०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. आपल्या ग्रिडच्या विजेचं युनिटमागे साधारण ०.७ किलो धरलं तर हे झाले जवळपास ३००० युनिट! आम्ही वर्षभर लाइट बंद करा लाइट बंद करा म्हणून पोरांच्या मागे लागलो होतो आणि डोक्यावर एसी गळत होता. लिकेज शोधून वेल्डिंग करून घेतलं, पुढच्या मशीनला आर-३२ घ्यायचं ठरवलं, त्याचा एक किलो म्हणजे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड, जवळपास तिसरा हिस्सा.

पण दादा, खरी गंमत पुढेच आहे. डिझाइन ऑफिसचा सगळ्यात मोठा परिणाम ऑफिसात होतच नाही, तो प्रेसवर होतो. आपण कॉम्प्युटरवर ए४ ब्रोशर करतो, कारण सॉफ्टवेअर उघडलं की ए४ समोर येतं, आणि प्रेसवाला छापतो २३ बाय ३६ इंचाच्या शीटवर. ए४ ची उंची ११.६९ इंच, दोन उंच्या एकावर एक ठेवल्या की २३.३८ होतात, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षाही कमी फरकाने शीटबाहेर. मग शीटवर आठच्या जागी सहा बसतात आणि बाकीचं कटिंग होऊन रद्दीत. तेच तुम्ही साडेआठ बाय अकरा केलं की आठ बसतात, ग्रिपर (मशीन कागद पकडते ती कड) आणि ब्लीड (कापायला बाहेर वाढवलेली छपाई) धरून. ८००० पानं छापायची तर १३३४ शीटच्या जागी १०००, सरळ एक चतुर्थांश कागद वाचला. आमच्या सातपूरच्या प्रेसवाल्या काकांना हे वीस वर्षांपासून माहीत होतं, आम्ही कधी विचारलंच नाही! आता नवीन जॉब आला की डिझाइन सुरू करायच्या आधी काकांना फोन, शीट कोणती, साइज काय बसतो, आणि त्याची एका ओळीची नोंद. सर्टिफिकेट ऑडिटला आम्ही पुरावा म्हणून हेच दाखवलं आणि बाई बाटल्यांपेक्षा यावर जास्त खूश झाल्या. स्टँडर्डमध्ये लाइफ सायकलचा, म्हणजे वस्तू बनण्यापासून रद्दीत जाईपर्यंतचा, विचार करा असं म्हटलंय, त्याचा आपल्यापुरता अर्थ हाच.

फ्लेक्सचं तुम्ही स्वतःच लिहिलंय म्हणून सांगते, १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. कायद्यांच्या यादीत हे लिहायचं, आणि ऑर्डर घेताना जाडी विचारायची. कुंभमेळा तोंडावर आहे, शुभेच्छांचे फ्लेक्स गल्लोगल्ली लागणार, तेव्हा तुमच्याकडे येणारा प्रत्येक नगरसेवक-इच्छुक सगळ्यात स्वस्त मटेरियल मागेल, त्याला काय सांगायचं हे आत्ताच ठरवून ठेवा.

जागा भाड्याची आहे म्हणून अडत नाही. इमारतीचं रेटिंग वेगळं, ते आयजीबीसी किंवा 'गृह' (GRIHA) अशा नावांची ग्रीन बिल्डिंगची रेटिंग, त्यात बांधकाम बघतात. आयएसओ तुमच्या कामाचं असतं. मालकाच्या हातात जे आहे, जसं गळकी टाकी, त्याबद्दल मालकाला लेखी कळवलंय एवढं दाखवलं तरी चालतं.

वेळ म्हणाल तर निदान तीन-चार महिन्यांचे रेकॉर्ड हवेत, त्यात एकदा आपलंच अंतर्गत ऑडिट आणि एकदा दोघा पार्टनरनी बसून आढावा. मग संस्थेच्या ऑडिटचा पहिला टप्पा, मग दुसरा. मिळालं की तीन वर्षं, पण दरवर्षी सर्व्हेलन्सला, म्हणजे पुन्हा तपासायला, येतात, म्हणजे फी पण दरवर्षी, कोटेशन मागताना तिन्ही वर्षांचं मागा नाहीतर नंतर फसल्यासारखं वाटतं. फी ऑडिटच्या दिवसांवर असते आणि दिवस माणसांच्या संख्येवर, सात जण म्हणजे फार नाही.

मागे लागावं का? एकच क्लायंट आणि एकच कॉलम एवढंच कारण असेल तर मी आधी त्या एक्स्पोर्टरला फोन करीन, नेमकं आयएसओच हवंय की पर्यावरणाची लेखी पॉलिसी आणि वर्षाचे आकडे चालतील. बऱ्याचदा चालतात. फॉर्ममध्ये "प्रक्रिया सुरू आहे" लिहा, पण खरंच सुरू करून मग लिहा.

ताई, आमच्या स्टुडिओला १४००१ मिळालं! आता व्हिजिटिंग कार्डवर आयएसओचा लोगो आणि खाली "शंभर टक्के ग्रीन स्टुडिओ" असं टाकायचंय, बरोबर आहे ना?
(एक वाचक, गंगापूर रोड)

अभिनंदन, आणि दोन्ही काढा. आयएसओ स्वतः कोणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते फक्त स्टँडर्ड लिहितात, त्यामुळे त्यांचा लोगो तुम्ही वापरायचा नाही. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचा मार्क असतो, तो कसा वापरायचा याचे नियम त्यांच्याकडून मागून घ्या, आणि तो क्लायंटच्या प्रॉडक्टच्या पॅकेटवर तर अजिबात टाकू नका, कारण सर्टिफिकेट तुमच्या कामाच्या पद्धतीला आहे, त्या पॅकेटला नाही. "शंभर टक्के ग्रीन" बद्दल ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगवरची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ग्रीन, इको-फ्रेंडली असे मोघम शब्द वापरायचे तर नेमकं काय आणि पुरावा काय ते सांगावं लागतं. साधं "आयएसओ १४००१:२०१५ प्रमाणित" लिहा, वर्ष तुमच्या सर्टिफिकेटवर असेल तेच. आणि त्या कार्डाला मॅट लॅमिनेशन करणार असाल तर जरा थांबा, प्लास्टिक चिकटलेला कागद रद्दीवाला पण घेताना नाक मुरडतो.