हॅमस्ट्रिंग ताणला गेल्यावर व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्यांनी लवकर बरं वाटतं का?

तुम्ही लिहिलंय की धावताना मांडीमागचा स्नायू ताणला गेला, आज चौथा दिवस आहे, आणि 'फ्री रॅडिकल्स' (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) 'मारायला' ट्रेनरने रोज व्हिटॅमिन सी १००० मिग्रॅ आणि ई ४०० युनिट घ्यायला सांगितलंय. माझ्या मते घेऊ नका.

तंतू फाटले की काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी तिथे जमतात आणि सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल सोडतात. शेजारच्या धडधाकट तंतूंनाही त्याची झळ बसते, हे खरं. पण फाटलेला भाग साफ करण्याच्या कामातलाच हा भाग आहे. शिवाय शरीराचा बंदोबस्त तयार असतो: एसओडी हे एन्झाइम सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि कॅटलेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करतात. थोडं पेरॉक्साइड उरलं तर ते पेशीला हीच एन्झाइम्स आणखी बनवायचा इशारा देतं. बाहेरून मोठा डोस ओतला की हा इशारा दबू शकतो.

दुसरी अडचण लोहाची. दुखापतीच्या जागी रक्त साकळतं, मोकळं लोह सुटतं. व्हिटॅमिन सी त्या लोहाला अशा रूपात आणतं की ते पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतं, आणि या सगळ्यात घातक तेच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४ पुरुषांच्या दंडाच्या स्नायूला व्यायामाने मुद्दाम इजा केली आणि नंतर ७ दिवस काहींना व्हिटॅमिन सी (वजनाच्या किलोमागे १२.५ मिग्रॅ) व एन-ॲसिटिल सिस्टीन (फ्री रॅडिकल्सवरचंच आणखी एक औषध) दिलं. त्यांच्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे फ्री रॅडिकल्समुळे पेशींवर येणारा ताण, उलट वाढला. प्रयोग छोटा आहे आणि ती इजा तुमच्यासारखी नव्हती, पण ७० किलोच्या माणसाला तो डोस ८७५ मिग्रॅ होतो, म्हणजे तुमच्या गोळीच्या जवळपासच. ई च्या मोठ्या डोसने रक्त गोठायला वेळ लागतो, त्यामुळे ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ती अजिबात नको.

पुरुषाला दिवसाला सी लागतं ८० मिग्रॅ. एक मध्यम पेरू खाल्लात की झालं.

खरा फरक पडतो तो हळूहळू भार देण्याने. डेन्मार्कमधल्या २०१७ च्या अभ्यासात मांडी किंवा पोटरीच्या दुखापतीनंतर ९ व्या दिवसाऐवजी २ ऱ्या दिवशी व्यायाम सुरू केलेले खेळाडू सुमारे तीन आठवडे आधी मैदानात परतले. पाठीवर झोपा, गुडघा थोडा वाकवा, टाच जमिनीत १० सेकंद दाबून धरा, असं ५ ते १० वेळा. दुखणं दहापैकी तीनच्या वर जाता कामा नये. जोरात स्ट्रेचिंग आणि गरम तेलाची मालिश सध्या बंद. साकळलेल्या जागी पुन्हा रक्त सुटतं.

ताणलं तेव्हा 'टप्' असा आवाज आला असेल, हाताला खड्डा लागत असेल किंवा पाय टेकवत नसेल, तर व्यायाम सुरू न करता ऑर्थोपेडिककडे जाऊन आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल का ते विचारा.