बीएस्सी मॅथ्स घेऊ दे का?

प्रश्न: मॅडम, मुलगी बारावी सायन्स झाली, गणितात 88 आहेत. सीईटीत मात्र जेमतेम, चांगलं इंजिनिअरिंग कॉलेज मिळत नाहीये. ती म्हणते साधं बीएस्सी करून मॅथ्स घेते. घरात सगळे म्हणतात साध्या बीएस्सीला कोण विचारतंय, शेवटी मास्तरकीच. काय करू? – एक आई, बार्शी

उत्तर: ताई, घरचे अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. नुसती पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पोराला हातात काही येत नाही, बँक किंवा एमपीएससीच्या फॉर्मवर ग्रॅज्युएट लिहिता येतं एवढंच, आणि मास्तरकी म्हणाल तर तीही इतकी सोपी राहिलेली नाही, त्यालाही वर बीएड लागतंच.

पण मला काळजी 88 ची वाटते. बारावीचं गणित म्हणजे बरंचसं पॅटर्न पाठ करून उदाहरणं सोडवणं, आणि बीएस्सीला पहिल्याच वर्षी लिमिटची एप्सिलॉन-डेल्टावाली व्याख्या समोर येते, तिथे उत्तर काढायचंच नसतं, असं का ते सिद्ध करायचं असतं. माझ्याकडे नव्वदच्या वरची मुलं यायची आणि दिवाळीपर्यंत म्हणायची, मॅडम हे गणित नाहीच! तर साठवाला एखादा मागच्या बाकावर बसून प्रूफमधली चूक दाखवायचा.

तिला ते खरंच आवडत असेल तर मात्र डिग्री वाया जात नाही, फक्त पहिल्या वर्षापासून सोबत काहीतरी हवं. जॅम नावाची परीक्षा असते, फेब्रुवारीत, त्यातून आयआयटीत एमएस्सीला जाता येतं, म्हणजे सीईटीत हुकलं तरी आयआयटीचं दार बंद झालं असं नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा वेगळी. एमटीटीएस म्हणून गणिताचं उन्हाळी शिबिर असतं, 1993 पासून चालू आहे, तिथे जाऊन आलेली पोरं बदलूनच येतात. आकडेमोडीची आवड असेल तर स्टॅटिस्टिक्स सोबत घ्या आणि थोडं पायथन, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगची भाषा, शिकू दे. इन्शुरन्सकडे कल असेल तर अ‍ॅक्च्युअरीच्या, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणाऱ्यांच्या, परीक्षा आहेत, पण त्या वर्षानुवर्षं चालतात हं. नोकरीच हवी असेल तर बीएस्सीनंतर एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरची मास्टर्स, आहेच.

आणि कॉलेज बघताना इमारत बघू नका, मॅथ्सच्या तिसऱ्या वर्षाला किती मुलं उरतात ते विचारा, काही ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि मग शिक्षकांनाही उत्साह राहत नाही.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. मूळ दोन, म्हणजे दोनचं वर्गमूळ, अपरिमेय का, म्हणजे अपूर्णांकात का मांडता येत नाही, हे शाळेत झालंय, तिला म्हणावं आता मूळ दोन अधिक मूळ तीन अपरिमेय आहे हे दाखव. कॅल्क्युलेटरवर 3.146 काढून ती मोबाइलकडे वळली तर सरळ दुसरं काहीतरी बघा. जेवायला हाक मारली तरी वही घेऊन बसली असेल, उत्तर चुकलेलं का असेना, तर घेऊ दे ताई मॅथ्स.